मधली खुर्ची

घर बघायला गेल्यावर लोक नळाला पाणी किती वेळ असतं ते विचारतात, पार्किंग बघतात, कोणी खिशातून होकायंत्र काढून ईशान्य कोपरा शोधतात. मी हॉलच्या मधोमध उभा राहतो आणि एक टाळी वाजवतो. टाळी विरताना दोन भिंतींच्या मधून ‘टर्रर्र’ असा बारीक आवाज परत आला, तर त्या घरात गाणं ऐकणं कठीण. घर दाखवणाऱ्या एजंटांना हे माहीत नसतं. एकाला वाटलं, घर मला पसंत पडलं. त्यानेही माझ्या जोडीने टाळ्या वाजवल्या. बायको अशा वेळी बाल्कनीत जाऊन समोरचं झाड बघत राहते. संसार मुरला की बायका नवरा सुधारण्याच्या भानगडीत पडत नाहीत, बाल्कनी शोधतात.

आमच्या जमातीला ऑडिओफाइल म्हणतात. साध्या माणसाने गाणं लावलं की त्याला गायक ऐकू येतो. आम्ही आधी तानपुऱ्याची जवारी ऐकतो, मग डग्ग्याचा घुमारा, मग स्पीकरच्या जाळीला कान लावून ५० हर्ट्झची बारीक घूं. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, आणि अर्थिंगमध्ये कुठे गडबड असली की तेच हेलकावे गाण्यात येऊन बसतात. हे सगळं तपासून समाधान झालं की आम्ही गायकाकडे वळतो. तोवर त्याची अस्थाई संपून अंतरा सुरू झालेला असतो.

या छंदाची गोष्ट सांगताना लोक यंत्रांची वंशावळ सांगतात: फोनो, रेडिओ, एलपी, कॅसेट, सीडी आणि आता खिशातला फोन. प्रत्येक पिढी आधीच्यापेक्षा सरस, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. हल्ली मात्र मी त्या वंशावळीशेजारी आणखी एक रकाना भरून बघतो. त्या यंत्रासमोर माणसं किती बसायची? दोन्ही रकाने शेजारी शेजारी वाचले की मौज वाटते आणि थोडी काळजीही.

आजोळी, कोकणात, चावीचा फोनो होता. सुट्टीत तो ओटीवर यायचा आणि त्याच्याभोवती घरातली माणसं, गडीमाणसं आणि आम्ही पोरं अशी दाटी व्हायची. चावी फक्त मामाने द्यायची. पोलादी पिनांची एक छोटी पत्र्याची डबी होती, तिच्या झाकणावर कर्ण्यात डोकावणारा तो प्रसिद्ध कुत्रा. नियमाप्रमाणे तबकडीच्या प्रत्येक बाजूला नवी पिन लावायची असते. आजोबा एका पिनेवर एक सबंध संध्याकाळ काढत. चावी संपत आली की तबकडी मंदावायची आणि आवाज खाली उतरायचा. भामिनी किंवा रुक्मिणी होऊन गाणारे बालगंधर्व भारदस्त, पुरुषी वाटायला लागले की मामा पानाचा विडा टाकून धावायचा.

तबकडी लाखेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावत. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात आला आणि त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हापासून आपल्या गवयांना हा कोंडवाडा ठाऊक आहे. गाणं संपल्यावर गौहरजान इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला बनत; तिथल्या कारागिराला कुठली ध्वनिमुद्रिका कोणाची हे कळायला तो पुकारा हवा होता. एकेका रागावर तास-दीड तास बसणाऱ्या गवयांना तीन मिनिटांत राग उभा करायचा आणि वर वेळ उरवून नाव सांगायचं, म्हणजे सत्त्वपरीक्षाच. अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी ती अशी दिली की तबकडी संपल्यावर राग पुढे कितीतरी वेळ ओटीवर रेंगाळत राही.

आजच्या हिशेबाने तो आवाज टाकाऊ होता. १९२५ च्या आधीच्या, कर्ण्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्यांत खालचे स्वर जवळजवळ नसतच आणि वरची झळाळी कापलेली असे. डग्गा ऐकूच यायचा नाही. तो मामा मांडीवर वाजवायचा. आणि तानेच्या शेवटी समेवर ओटीवरच्या सगळ्या माना एकदम खाली यायच्या. यंत्राने जे गाळलं होतं ते माणसं आपापल्या पदरचं घालून पुरं करत.

पुण्यात आमच्या वाड्यात रेडिओ होता. त्याच्यावर आईने क्रोशाने विणलेला रुमाल, मागे खोलीच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल, आणि वर्षाला पोस्टात जाऊन नवा करायचा परवाना. बटण फिरवल्यावर आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत रेडिओ गप्प. मग हिरवा डोळा उजळायचा आणि आवाज यायचा. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. माडगूळकर आणि फडके यांनी वर्षभर दर आठवड्याला एक, अशी छप्पन गाणी दिली. तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. वडील सांगायचे की त्या वेळेला रेडिओ खिडकीत यायचा, तोंड चौकाकडे, आणि खाली सतरंजी पडायची. कोणी उदबत्ती लावायचं. वाड्यातले दोन बिऱ्हाडकरू नळावरून एकमेकांशी बोलत नसत. तेही तेवढा वेळ एकाच सतरंजीवर बसत. गाणं संपलं की पुन्हा अबोला.

आमच्या पिढीच्या वाट्याला रेडिओ सिलोन आलं. बाळकृष्ण केसकर हे आपले मराठी गृहस्थ १९५२ पासून दहा वर्षं नभोवाणीमंत्री होते. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला आणि सिनेसंगीत आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपारही त्यांच्याच काळात झालं. लोकांनी मुकाट्याने काटा सिलोनकडे वळवला. बुधवारी रात्री आठला अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागे. सरकारलाही मग १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढावी लागली. सिलोन शॉर्टवेव्हवर, आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा. मुखडा स्पष्ट यावा आणि अंतरा समुद्रात बुडावा, हे नेहमीचं. बुडालेला अंतरा आम्ही सगळे मिळून म्हणत असू. चाल चुकली तर शेजारच्या जोशीकाकू भिंतीपलीकडून दुरुस्त करत.

या रेडिओची एक खुबी माझ्या फार उशिरा ध्यानात आली. त्याला एकच स्पीकर होता. एकाच ठिकाणाहून येणारा आवाज कोणाला झुकतं माप देत नाही. लतादीदी रेडिओत असायच्या; चौकात बसा, जिन्यात बसा, मोरीत कपडे धुवा, त्या रेडिओतच असायच्या. चांगली जागा आणि वाईट जागा असा भेद खोलीत नव्हता.

तो भेद मी घरात आणला. नोकरी लागल्यावर मी स्टिरिओ रेकॉर्ड प्लेअर घेतला, दोन स्पीकरचा. स्टिरिओची भूमिती कडक आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा मिळून समभुज त्रिकोण व्हावा लागतो. मग डाव्या-उजव्या स्पीकरमधून येणारा सारखाच आवाज दोन्ही कानांवर एकाच क्षणी पोचतो, मेंदू फसतो, आणि दोन स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे खरं तर नुसती भिंत आहे, गायक येऊन बसतो. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी उठून त्या भिंतीला हात लावून आलो. त्रिकोणाच्या त्या टोकाला एक वेताची खुर्ची होती. ती त्या दिवसापासून माझी झाली.

एलपी १९४८ सालची, अमेरिकेतली. मिनिटाला ३३⅓ फेरे, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं. तेवढ्या वेळात सुई जवळजवळ अर्धा किलोमीटर चालते. गवयांचा कोंडवाडा सुटला. पुढच्या बाजूला विलंबित, मागच्या बाजूला द्रुत किंवा दुसरा राग, अशी ऐसपैस सोय झाली. किशोरीताईंचा भूप मी या खुर्चीत ऐकला आणि नंतर बराच वेळ कोणाशी बोललो नाही. पण एलपीलाही खोड आहे. तबकडी एकाच गतीने फिरते, म्हणून बाहेरच्या कडेला खाचेवरून सुई सेकंदाला ५० सेंटिमीटर धावते आणि आत लेबलाजवळ निम्म्याहून कमी. म्हणजे तराणा रंगात येऊन ताना सर्वांत दाट होतात, नेमकी तेव्हाच त्यांना जागा सर्वांत अपुरी. आवाज किंचित चिरकतो. हे एकदा कळलं की शेवटच्या तानेचा आनंद गेलाच. ती यायच्या आधीपासून आम्ही दात आवळून बसतो.

घरच्यांनी सुरुवातीला कौतुक केलं. वडील उजव्या स्पीकरशेजारच्या दिवाणावर बसायचे, कारण ते आयुष्यभर तिथेच बसत आले होते. त्या रेकॉर्डमध्ये तबला उजवीकडे होता. थोडा वेळ ऐकून त्यांनी विचारलं, “बुवा आज आले नाहीत का?” मी त्यांना मधल्या खुर्चीत बसा म्हटलं. ते बसले, ऐकलं, “छान आहे” म्हणाले आणि पुढच्या वेळी पुन्हा दिवाणावर. मावशी आली की मात्र थेट मधल्या खुर्चीत बसायची आणि मेथी निवडायची. त्या अप्रतिम मधोमध उमटलेल्या मारव्यात मेथीच्या काड्या मोडल्याचा आवाज मिसळायचा आणि मी डाव्या स्पीकरच्या आड उभा राहून तिची जुडी संपायची वाट बघायचो.

कॅसेटने मला काही काळ माणसांत परत आणलं. फिलिप्सने १९६३ मध्ये काढलेली ही वस्तू मुळात बोललेलं टिपून घेण्यासाठी होती. चार मिलिमीटरहून अरुंद फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर इतकी मंद चाल, वर सतत ‘हिस्स’. आमच्या शास्त्राप्रमाणे तिच्याकडे ढुंकूनही बघायला नको. पण ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात गाण्याचं जे काही अभिसरण झालं ते तिच्यामुळे. कर्वे रस्त्यावर अलूरकरांकडे मैफलींच्या कॅसेट मिळू लागल्या. त्याहून मोठा बाजार पैशांवाचून चालायचा. कोणाच्या तरी वाड्यात कुमारजी गायलेले, कोणी तरी स्पूलवर घेतलेलं, त्याची कॅसेट, त्या कॅसेटची कॅसेट. आपल्या हातात येणारी प्रत बहुधा चौथी-पाचवी. तानपुरा आणि हिस्स यांत वडील कोण आणि चिरंजीव कोण हे सांगणं अवघड.

या फिती बाळगणाऱ्यांचे ठरलेले प्रकार होते. काही देत. काही दिल्याशिवाय देत नसत. तुमच्याकडे मन्सूरांची खासगी मैफल असेल तर ते वसंतराव काढायचे. काही देत नसत, फक्त ऐकवत, तेही स्वतः बटणावर बोट ठेवून, मोक्याच्या जागी थांबवून, “आता बघ हां.” आणि काही ऐकवतही नसत, आपल्याकडे आहे एवढं सांगत. या शेवटच्या प्रकाराचा दरारा सर्वांत मोठा होता. त्यातल्या एका गृहस्थांकडे आम्ही वर्षानुवर्षं चहा प्यायलो. फीत नव्हतीच, हे त्यांच्यामागे कपाट आवरताना कळलं. पण त्या न ऐकलेल्या मारूबिहागाचं त्यांनी केलेलं वर्णन आम्हाला अजून पाठ आहे, आणि नंतर ऐकलेला कुठलाच मारूबिहाग त्याच्या तोडीचा निघाला नाही.

कॅसेटचं दुखणं म्हणजे प्रत्येक डेकच्या हेडचा कोन थोडा वेगळा. दुसऱ्याकडे भरलेली फीत आपल्याकडे दबलेली वाजते. डेकला एक छोटं भोक असतं, त्यातून बारीक स्क्रू-ड्रायव्हर घालून तो कोन जुळवायचा; फीत चालू ठेवून, कान टवकारून, पाव वळसा इकडे, पाव तिकडे. एका क्षणी पडदा सरकतो आणि आवाज लख्ख होतो. मित्र येताना आपापल्या फिती घेऊन येत आणि मी डॉक्टरी थाटात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसे. त्या फितींत गाण्याइतकीच माणसं भरलेली असत. कोणाची “क्या बात है”, मागे कुठे कपबशी, पहिल्या रांगेतला एक खोकला. एका बागेश्रीत ती विलक्षण तान येण्याआधी तो खोकला येतो. आता सीडीवर दुसऱ्या कोणाचीही बागेश्री लावली तरी तान यायच्या आधी मी त्या खोकल्याची वाट बघतो. न खोकता आलेली तान जरा उपरी वाटते.

मग सीडी आली. १९८२ चा जन्म, आमच्या घरात यायला नव्वदचं दशक उजाडलं. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाची मोजणी, प्रत्येक मोजणीला ६५,५३६ पायऱ्या. हिस्स नाही, खरखर नाही. दोन स्वरांच्या मधली शांतता पहिल्यांदाच खरोखर शांत. आणि त्या शांततेत मला आमचा फ्रीज ऐकू आला. तो इतकी वर्षं बिचारा हिस्सच्या आड लपून होता. फ्रीजनंतर पंखा, पंख्यानंतर शेजाऱ्यांचा पंप. एक आवाज गेला की त्यामागचा उभा राहायचा. दुखणं इथे खरं बळावलं, कारण एव्हाना हातात पैसेही थोडे खुळखुळत होते.

तापकीर गल्ली आणि लॅमिंग्टन रोड मी पायाखाली घातले. ॲम्प्लिफायर बदलला, स्पीकर बदलले, स्पीकरखाली टोकदार खिळे आले, जाडजूड तारा आल्या. नवी तार जोडली की साक्षीदार लागतो. मी बायकोला हाक मारायचो.

“ही आधीची तार. ऐकलंस? आता ही नवी. फरक कळला?”

“हो.”

“काय?”

“आधी तुम्ही बसला होतात, आता उभे आहात.”

तारांनंतर खोलीची पाळी आली. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झचा. हवेत त्या लहरीची लांबी पाच मीटरच्या आसपास, म्हणजे सोळा फूट. आमचा हॉल बारा फुटी. खर्ज घरात पुरता मावतच नाही. भिंतींवर आपटून परत फिरतो, कोपऱ्यांत साचतो आणि कुठे कुठे एकदम नाहीसा होतो. वरच्या स्वरांचं दुखणं वेगळं: गुळगुळीत फरशी आणि कोऱ्या भिंती त्यांना झेलून परत फेकतात. परदेशी पुस्तकांत यासाठी महागडे फलक सुचवले आहेत. मी आजीची जाड गोधडी भिंतीवर ताणून बसवली, आणि ती त्या फलकांच्या पंक्तीला बसेल असं काम करते, हे छातीठोक सांगतो. जुनी सुती लुगडी, एकावर एक थर, मध्ये अडकलेली हवा. ‘टर्रर्र’ जागच्या जागी गप्प. फक्त समोरच्या काकू बरेच दिवस विचारत होत्या, “गोधडी अजून वाळली नाही का?”

तर असा आवाज सिद्ध झाला. भीमसेनअण्णा दोन स्पीकरच्या मध्ये, जमिनीपासून बरोबर बसल्या उंचीवर. श्वास घेतलेला कळतो, सुराला लागण्याआधीची किंचित हालचाल कळते. आणि खोलीत मी एकटा. कोणी भांडून गेलं नव्हतं. वडिलांना दिवाणावरून बुवा दिसत नव्हते. मुलीला लहानपणी “हात लावू नकोस” इतक्यांदा ऐकू आलं होतं की तिने त्या कोपऱ्यालाच हात लावणं सोडलं. बायकोला तारांची परीक्षा नको होती. आई एकदा म्हणाली, “पूर्वी नुसतं गाणं लागायचं.” या वाक्यावर मी फार विचार केला नाही, मी तेव्हा ॲम्प्लिफायर तापायची वाट बघत होतो.

गंमत म्हणजे त्या सिद्ध आवाजात मी ऐकत काय होतो? बालगंधर्व, केसरबाई, खाँसाहेब. सगळे एका कर्ण्यासमोर किंवा एकाच मायक्रोफोनसमोर गायलेले. म्हणजे मोठ्या किमतीचे दोन स्पीकर आणायचे, आणि त्या दोघांनी मिळून आपण एकच असल्याचं सोंग करायचं. वाड्यातला रेडिओ हे काम सोंगाशिवाय करत होता.

मधल्या काळात एमपीथ्री येऊन गेलं. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या लोकांनी कानाची एक खोड हेरली: मोठा आवाज चालू असताना त्याच्या आसपासचा बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाही, मग तो साठवायचा कशाला? ही युक्ती पारखायला त्यांनी सुझान व्हेगाचं, नुसत्या गळ्यावर गायलेलं एक गाणं वापरलं. सीडीचा अकरावा हिस्सा ठेवायचा आणि बाकीचं टाकून द्यायचं. आमच्या गटात यावर कडाक्याचे वाद झाले. टाकलेल्या दहा हिश्शांत नेमकं काय होतं यावर प्रत्येकाचं ठाम मत होतं. ते ऐकू येत नसल्यामुळे खोडून काढायची सोय नव्हती.

यानंतर हेडफोन आले आणि खोलीचीच गरज संपली. गोधडी नको, त्रिकोण नको, फ्रीज चालू असो की बंद. निव्वळ आवाजाचा विचार केला तर त्या पैशांत इतकं स्वच्छ गाणं दुसऱ्या कशातून मिळत नाही, हे कबूल. गवई थेट दोन कानांच्या मध्ये, कवटीत. एका रात्री असंच ऐकताना एक जागा अशी आली की माझ्या तोंडून मोठ्याने “वाऽऽ!” गेलं. घरात सामसूम होती. आतून बायको धावत आली.

“काय झालं?”

“काही नाही. गंधार.”

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मग तिने लाइट घालवला. तो गंधार मला तिला दाखवता येईना. एक कानटोपण काढून तिच्या कानाला लावलं तोवर बुवा पुढे निघून गेले होते, आणि मागे नेऊन पुन्हा ऐकवलेल्या गंधाराला ती धार नसते. आपल्या गाण्यात दाद नुसती शिष्टाचाराची नाही. समोरच्याची मान हलली की गवई तीच जागा वेगळ्या अंगाने पुन्हा घेतो. यंत्रातल्या गवयाला ते दिसत नाही, पण शेजारी बसलेल्याला दिसतं, आणि निम्मी मैफल तिथे होत असते. मामा हे मांडीवर ठेका धरून करत होता.

आता फोनवर सगळंच आहे. जन्मभर ज्या फितींसाठी चहा प्यायलो त्यांतल्या कितीतरी बोटाच्या टोकावर. फक्त या भांडाराला शेवट नाही. तीन मिनिटांनी पिन बदलायला, बावीस मिनिटांनी तबकडी उलटायला कोणी तरी उठायचं, आणि उठल्यावर बोलणं व्हायचं: आता काय लावायचं, तुझं की माझं. फोन विचारत नाही. तो स्वतःच पुढचं लावतो. परवा त्याने भैरवी लावली आणि ती संपल्यावर, आमच्या तीन पिढ्यांच्या सवयीने, मी उठून उभा राहिलो. भैरवी झाली की मैफल संपली, वहाणा शोधायच्या, हे फोनला कोणी सांगितलेलं नाही. त्याने लगेच यमन काढला. मी उभ्यानेच थोडा ऐकला.

कानांचंही आता वय झालं. कानाच्या डॉक्टरांनी त्या बंद खोलीत बसवून तपासणी केली आणि उतरत जाणारी रेघ दाखवली. कागद आठ हजार हर्ट्झला संपत होता. “आणि त्याच्या पुढे?” मी विचारलं. माझे स्पीकर चाळीस हजारांपर्यंत जातात. डॉक्टर म्हणाले, “त्याच्या पुढे कोणी तुमच्याशी बोलणार नाही.” पियानोचा सर्वांत वरचा सूर ४,१८६ हर्ट्झचा, हे आठवून मी धीर धरला. सूर सगळे शाबूत आहेत. गेली ती वरची चकाकी. निसर्गाचा हिशेब असा की ऐपत वर चढते आणि कान खाली उतरतात, आणि दोघांची गाठ चाळिशीच्या आसपास क्षणभर पडते. तेव्हा नेमका घराचा हप्ता असतो.

ऐकणाऱ्यांचा रकाना कुठवर खाली जाऊ शकतो, याचं टोकाचं उदाहरण आकाशात आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई ध्वनिमुद्रणाबद्दल कमालीच्या नाखूश. आपलं गाणं समोर बसून ऐकावं, असा त्यांचा बाणा. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या. सोबत सुई दिली आहे, ती कशी लावायची याच्या आकृत्या आहेत, आणि वेग मिनिटाला १६⅔ फेरे. व्हॉयेजर-१ आता २,४०० कोटी किलोमीटरांच्या पलीकडे आहे. आमच्या दृष्टीने याहून आदर्श खोली नाही: भिंती नाहीत, फ्रीज नाही, घूं नाही, मावशी नाही. हवाही नाही, त्यामुळे आवाजही नाही. पूर्ण निर्दोष श्रवणव्यवस्था माझ्या माहितीत एवढी एकच, आणि तिथे समेवर मान हलवायला कोणी नाही.

आईने मागे हट्टाने कारवाँ घेतला. पाच हजार गाणी भरलेला, जुन्या रेडिओच्या रूपाचा डबा. तो स्वयंपाकघरात ओट्यावर असतो. कुकरची शिट्टी, फोडणीचा आवाज, मध्येच मिक्सर. माझ्या निकषांवर तो पहिल्याच फेरीत बाद. पण सुट्टीला आलेली मुलगी, कामाला येणाऱ्या ताई आणि बायको, सगळ्या तिथे. एखादा अंतरा कुकरखाली बुडाला की त्या मिळून म्हणतात, आणि आई चाल दुरुस्त करते. मी हॉलमधून हे ऐकत होतो, मधल्या खुर्चीत, ॲम्प्लिफायर तापलेला.

यंत्रं मी विकलेली नाहीत, विकणारही नाही. जवारी अजूनही आधी ऐकू यावी लागते. फक्त वेताच्या खुर्चीशेजारी दुसरी एक आणून ठेवली आहे. भूमितीच्या दृष्टीने हा शुद्ध अविचार. दोन खुर्च्या ठेवल्या की मधला बिंदू दोघांच्या दांड्यांच्या मध्ये पडतो, तिथे कोणीच नसतं, आणि ज्याला जो स्पीकर जवळचा तिकडे गायक ओढला जातो. मी डावीकडे बसतो, ती उजवीकडे.

“अण्णा आज फारच डावीकडे सरकलेत,” मी म्हणतो.

“काहीतरीच. ते तबलजीच्या मांडीवर बसलेत,” ती म्हणते.

दोघांच्या तक्रारींची सरासरी काढली की अण्णा बरोब्बर मध्ये येतात. ही पद्धत ध्वनिशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात नाही, पण तिला नवी तार लागत नाही. अट एवढीच की ऐकताना दोघांनी तक्रार करत राहायला हवी, आणि त्या बाबतीत आमच्या घरी साधनांची कधीच कमतरता नव्हती.